कासवबाईंचं पाऊल

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. कासवबाईंच्या हिशेबानं मात्र मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, आणि त्यांच्या पाळणाघरातली पोरं बाईंचाच हिशेब खरा धरायची. जिन्यात भेटलं की एखादं विचारायचं, "आजोबा, अजून सत्तेचाळीसच?" मी म्हणायचो, हो बाबा, अजून सत्तेचाळीसच. पहिल्या पहिल्यांदा मला त्यात मौज वाटायची. या वयात कुणी आपल्याला उचलून इतकं मागं नेऊन ठेवलं तर कुणाला वाईट वाटणार आहे?

वय विचारायची बाईंची रीतच न्यारी होती. "तुमचं वय किती?" असं त्या कधी विचारायच्या नाहीत. "तुमची किती वर्षं सुरू झाली?" असं विचारायच्या. नवीन भाडेकरू गोंधळायचा. जन्मसाल सांगायला लागायचा. बाई त्याला थांबवायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "ते सरकारी झालं. खरं सांगा, कुणाशी बोलणं बंद हाय का तुमचं?" माणूस हसायचा, मग जरा विचारात पडायचा, आणि मग त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मी हे बऱ्याच जणांचं होताना पाहिलं आहे. माझंही तेच झालं होतं, फक्त माझा चेहरा पाहायला माझी बायको हजर होती.

आमचं गाव नेरूळच्या बाजूचं, खाडीकाठचं. माझं तरुणपण मिठागरात गेलं. मग मिठागरं गेली, भातशेती गेली, आणि आम्ही गावठाणात इमारती उभ्या केल्या. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली, पण तीन माळ्यांची इमारत जातीनं उभं राहून बांधून घेतली, आणि तिच्या जिन्याची एक पायरी दुसरीपेक्षा उंच-सखल नाही, हे कुणीही येऊन बघावं. तळमजल्याच्या दोन खोल्या बाईंनी भाड्यानं घेतल्या. बाई साताऱ्याकडच्या. नवरा मार्केटात पाठीवर गोणी वाहायचा. तो वारल्यावर त्यांनी कामावर जाणाऱ्या बायकांची पोरं सांभाळायला सुरुवात केली. अंगानं भरलेल्या, कपाळाला मोठं गोंदण, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा.

त्या चालण्यातूनच सगळं निघालं. एका पोरीनं त्यांना विचारलं, बाई, तुम्ही एवढ्या हळू का चालता? गुडघे दुखतात असं सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण बाई बोलून गेल्या, "आमच्या गावाला समदीच अशी चालत्यात." पोरीनं विचारलं, कुठलं गाव? समोर भिंतीवर कासवाचं चित्र होतं. बाई म्हणाल्या, "कासवाड." त्या दिवसापासून त्यांना एक अख्खा देश चालवावा लागला, कारण पोरं काही सोडत नाहीत. तिथं घरं कशी, बाजार कुठं, पाणी किती वाजता येतं, सगळं विचारतात.

तर कासवाड म्हणजे आपल्या खाडीच्या तळाशी एक थोरलं कासव झोपलेलं आहे, त्याच्या पाठीवरचा देश. तिथली घरं वाटीसारखी गोल. दुकान उघडायची वेळ ठरलेली नाही, दुकानदार चालत पोचला की दुकान उघडलं. धावायला सक्त मनाई, कारण कुणी धावलं की कासवाला गुदगुल्या होतात आणि देश हलतो. दुपारी कासव डुलकी घेतं म्हणून सगळ्यांनी झोपायचं. कासवाला भोपळा आवडतो म्हणून सगळ्यांनी भोपळ्याची भाजी खायची. मी मालक माणूस, मला अशा गोष्टी लगेच कळतात. त्या देशाचे सगळे कायदे बाईंच्या सोयीचे होते. मी तसं त्यांना तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, "मालक, कायदा करणाऱ्याच्या सोयीचा नसलेला कायदा तुमी कुठं बगितलाय?" यावर मी पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

आता नव्या वर्षाचं सांगतो. पाळणाघरात सगळ्या मुलखांतली पोरं. कुणाचं नवं वर्ष पाडव्याला, कुणाचं बैसाखीला, कुणाचं आणखी कशाला. एके वर्षी दोन पोरींमध्ये यावरूनच जुंपली की खरं नवं वर्ष कुणाचं. दोघींची कट्टी झाली. एकमेकींकडे पाठ करून खोलीच्या दोन टोकांना बसल्या, आणि जेवायलाही उठेनात. बाईंनी मग जाहीर केलं की कासवाडात नवं वर्ष तारखेनं येत नाही, पालवीनं येतं. दारातल्या पिंपळाला तांबडी पालवी फुटली की खालचं कासव जागं होतं आणि एक पाऊल टाकतं. तेच नवं वर्ष. त्या सणाचं नावच पाऊल. पण पाठीवर दोन माणसं तोंडं फिरवून दोन कडांना बसली असतील तर कासवाचा तोल जातो. मग ते पाऊल टाकताना त्या दोघांना तिथंच उतरवून ठेवतं. बाकीच्यांचं वर्ष पुढं जातं, त्यांचं सुरूच होत नाही. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. पाचव्या वाढदिवसाला महिना उरला असताना चार वर्षांचं राहणं कुणाला परवडतं?

माझी आणि त्या सणाची पहिली गाठ पडली ती मुक्या सकाळी. पाऊल असेल त्या सकाळी कुणी बोलायचं नसतं, कासवाच्या पायाचा आवाज ऐकायचा असतो. मला काय ठाऊक? मी खाली उतरलो तर रोज बाजार भरल्यासारखा गलका असणाऱ्या खोलीत चिडीचूप. आत डोकावलो तर सगळी पोरं पालथी पडून फरशीला कान लावून होती, आणि कामाला निघालेल्या दोन बायका पर्स खांद्याला लावून त्यांच्या शेजारी तशाच आडव्या. मी मोठ्यानं विचारलं, काय झालं काय? सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही देवळात चप्पल घालून आलो. बाईंनी ओठावर बोट ठेवलं. माझ्या इमारतीत मलाच गप्प केलं.

दुपारी मी जाब विचारायला गेलो. बोललो, आपला पाडवा काय वाईट आहे? गुढी आहे, कडुनिंब आहे, वाडवडिलांपासून चालत आलेलं आहे. हे कासव कुठून काढलं? बाई पुरणाचे दिंड उकडत होत्या, पण दिंडाला कणकेचे चार पाय आणि एक मुंडकं लावत होत्या. म्हणाल्या, "आवं, पाडवा पाडव्याच्या जागी. त्याला कोण हात लावतंय? ह्यो पोरांचा. घ्या, एक कासव खावा. पाय शेवटी खायचं बरं का, न्हाईतर वर्ष जाग्यावर बसतंय." मी खाल्लं. पाय शेवटी खाल्ले. चवीला उत्तम होतं, खोटं कशाला बोलू.

पण मला एक गोष्ट खटकली आणि ती मी बोलून दाखवली. आमच्या खाडीकाठच्या गावात मानाशिवाय सण नाही. पालखीचा मान, नारळाचा मान, होळी पेटवायचा मान. मी बोललो, बाई, तुमच्या पावलाला मानकरी कोण? मानकरी नसलेला सण म्हणजे नुसता नाश्ता. बाईंनी हातातलं कासव खाली ठेवलं. म्हणाल्या, "बरुबर बोलला मालक. आमच्या गावाला तेवढं कळंना झालंय. तुमीच ठरवा." मला त्याचं फार बरं वाटलं. मी संध्याकाळभर पिंपळाच्या पारावर बसून विचार केला. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं: कट्टी सुटताना जो आधी बोलतो त्याची मान खाली जाते. म्हणून मान त्याचाच. ज्याची मान खाली गेली, त्याच्याच डोक्यावर काहीतरी ठेवा, म्हणजे ती वर राहील.

बाईंनी एक बांबूची टोपली पालथी घातली, तिच्यावर हिरवा खण शिवला, खणावर कासवाच्या पाठीसारखे चौकोन टाचले, आणि कायदा करून टाकला. आधी बोलेल तो त्या वर्षाचा मानकरी. दिवसभर टोपली त्याच्या डोक्यावर, खुर्ची त्याची, पहिलं कासव त्याचं. आणि पहिला शब्द माफीचा नको, हे त्यांनी स्वतःचं घातलं. साधा शब्द पाहिजे. पाणी दे, सरक तिकडं, जेवलास का, असा. "माफी मागाय लावली की लोक वर्षं वर्षं तयारीच करत बसत्यात," असं त्यांचं म्हणणं. पोरं तर मानकरी होण्यासाठी मुद्दाम आदल्या दिवशी कट्टी करायला लागली. बाईंना ते कळायचं. त्या म्हणायच्या, करू द्या, सराव होतोय.

बाई आता इथं नाहीत. ती टोपली आज माझ्या घरात खुंटीला आहे. ती तिथं कशी आली तेच सांगायला मी हे लिहायला बसलो.

कायदा केल्यावर चार दिवसांनी बाईंनी मला सहज विचारलं, "मालक, तुमची किती वर्षं सुरू झाली?" मी छाती काढून वय सांगितलं. मागून माझी बायको बोलली, "त्यांचं आणि धाकट्या दिराचं बोलणं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षापासून." एक पोरगी तिथं पाटीवर गिरवत होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे आजोबांची कट्टी?" मी तिला समजावलं की कट्टी नाही, अबोला आहे. मोठ्या माणसांचा असतो. ती म्हणाली, "मोठी कट्टी." आणि परत गिरवायला लागली. इतकी वर्षं मी जी गोष्ट ताठ मानेनं सांभाळली होती, तिचं त्या पोरीनं एका शब्दात खेळणं करून टाकलं.

काय झालं होतं ते सांगतो, म्हणजे न्याय तुम्हीच करा. चैत्रात आमच्या गावदेवीची पालखी घरोघर फिरते. आमच्या दारात पालखी आली की मानाचा नारळ घरातल्या वडीलधाऱ्यानं फोडायचा. बाबा गेले त्या वर्षी तो मान माझा होता, मी थोरला. पालखी वळणावर आली तेव्हा मी आत टोपी बदलत होतो. चांगली कडक इस्त्रीची टोपी घालावी, पहिलाच मान आहे, एवढंच माझ्या मनात. टोपी ट्रंकेत तळाशी होती. बाहेर आलो तर धाकट्यानं नारळ फोडलेला, आणि पालखी शेजारच्या दारात. मी बोललो, थांबायला काय झालं होतं, देवीला कसली घाई? तो चारचौघांत बोलला, "देवी थांबल रं, पन पालखी खांद्यावर हाय ती मानसं किती येळ थांबतील?" लोक हसले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. पुढं तो सासुरवाडीला नावड्याला घर बांधून राहायला गेला. मी आजही सांगतो, पालखी थांबली असती.

अबोला चालवणं ही सोपी गोष्ट नाही, त्याला शिस्त लागते. लग्नकार्यात आम्ही एका पंगतीला बसायचो. त्याच्यासमोर मीठ असलं तर मी मध्ये बसलेल्या माणसाला सांगायचो, जरा त्यांना मीठ सरकवायला सांगा. तो मीठ सरकवायचा, पण माझ्याकडे नाही, मधल्या माणसाकडे. बायकोला मी कधी अडवलं नाही, तिचं जाणं-येणं चालू होतं. नावड्याहून येताना ती सुकट घेऊन यायची. मी कुठून आणली ते विचारायचो नाही, ती सांगायची नाही. तांदळाच्या भाकरीबरोबर ती सुकट फार छान लागायची. त्याच्या घरची सुकट मी डोळे मिटून ओळखेन.

पावलाचा सण मात्र वाढतच गेला. खालच्या दोन खोल्यांतून तो जिन्यात आला, जिन्यातून पारावर. वरच्या माळ्यावरची दोन कुटुंबं नळावरून भांडली होती, ती एका पावलाला बोलती झाली, आणि मानकरी म्हणून चांगला सहा फुटी माणूस दिवसभर टोपली घालून खुर्चीवर बसला. दुपारपर्यंत सगळ्यांनी कासवासारखं चालायचं असतं. दूधवाल्यालाही फाटकापासून हळू चालत यायला लागायचं, आणि तोही चालायचा. भेटेल त्याला विचारायचं, "पाऊल पडलं का?" समोरच्यानं म्हणायचं, "पडलं, पडलं." मग सगळ्यांचं वय एकेकानं वाढायचं. माझं सोडून. बायको त्यात सामील. ज्या वर्षी ती त्या हिशेबानं माझ्यापेक्षा मोठी झाली, त्या पावलाला ती पदर सावरून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पाया पडा आता माझ्या." अख्खा जिना हसला. मीही हसलो. हसायला माझं काय जातं?

संध्याकाळी बाई माझ्या घरी ताटलीतून एक कासव पाठवायच्या. पाय मोडलेलं. पुरण भरपूर, मुंडकं जागेवर, पाय चारही गायब. पहिल्या वर्षी मला वाटलं वाटेत पडले असतील. दुसऱ्या वर्षी मी ताटली घेऊन खाली गेलो. बाई म्हणाल्या, "तुमचं कासव कुठं चालतंय, मालक? बसलेल्याला पाय कशाला?" मी तिथंच उभं राहून ते खाल्लं आणि ताटली परत दिली. माघार घेणं माझ्या रक्तात नाही. पण खरं सांगायचं तर पायाशिवाय ते खाताना चुकल्यासारखं वाटायचं. शेवटचा घास कुठला तेच कळायचं नाही.

पोरं बाईंचं वय एकोणीस सांगायची. बाई स्वतःही तेच सांगायच्या. साठीच्या बाईनं एकोणीस सांगावं, याची मी खूप टिंगल केली. गॅस सिलिंडर उचलायची वेळ आली की मी म्हणायचो, उचला की, एकोणिसाव्या वर्षी काय जड आहे? त्या म्हणायच्या, "व्हय, वय झालं न्हाई अजून, पण गुडघ्यांना सांगाय कुणी गेलं न्हाई." मला वाटायचं, बायकांना वय कमी सांगायची हौस असते, बाईंनी त्यासाठी देशच काढला.

आणि मग त्या निघाल्या. गुडघे अगदीच चालेनात. लेक खांदेश्वरला लिफ्टच्या इमारतीत राहायची, ती म्हणाली आता बस झालं. बाईंनी पोरांच्या आयांना सांगितलं, मला सांगितलं, आणि म्हणाल्या, पाऊल करून जाते. त्या वर्षी पिंपळानं मुद्दाम उशीर केला असं मला वाटतं. रोज सकाळी पोरं बघायची आणि पालवी नाही म्हटल्यावर खूश व्हायची. शेवटी एका सकाळी पिंपळ तांबडा दिसला. मुकी सकाळ झाली. त्या वर्षी मीही, दार लावून, कुणी बघत नाही असं पाहून, माझ्या घरातल्या फरशीला कान लावला. बायकोनं पाहिलंच. पण मुकी सकाळ असल्यामुळं तिला काही बोलता आलं नाही.

सण झकास झाला. मोठी झालेली जुनी पोरंसुद्धा आली होती, मिसरूड फुटलेली, आणि ती पारापर्यंत कासवासारखी चालत आली. बाईंना खुर्चीत बसवून पाराभोवती फिरवायचं ठरलं, पण बाई म्हणाल्या, पालखी नको, आमच्या मालकांना पालखीचा त्रास हाय. पुन्हा सगळे हसले. दुपारी पोरं झोपली तेव्हा मी खाली गेलो. भांडी पोत्यात भरलेली, भिंतीवरचं कासवाचं चित्र उतरवलेलं. मी नेहमीची टिंगल काढली. बोललो, बाई, चाललात, आता तरी खरं वय सांगा. किती दिवस एकोणीस?

बाई पोत्याचं तोंड शिवत होत्या. सुई थांबवली नाही. "एकोणीसच हाय, मालक," त्या म्हणाल्या. "मला थोरली भन होती. आक्का. तिचं नि माझं बोलणं बंद झालं. कशावरनं ते आता ध्यानातबी न्हाई, बहुतेक दुधावरनं. ती सासरी गेली. ती यील म्हनून मी बसले, मी यीन म्हनून ती बसली. मग तिच्या पहिल्या बाळंतपणातच सांगावा आला." सुई एकदा आत गेली, बाहेर आली. "आता माझ्या बाजूनं कितीबी बोलले तरी तिकडं ऐकाय कुणी न्हाई. म्हणून आपलं एकोणीस."

मी खाली बसलो. इतक्या वर्षांची माझी सगळी टिंगल माझ्यासमोर त्या पोत्यासारखी पडली होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि उलट त्याच हसल्या. म्हणाल्या, "असं तोंड करू नका. लई सुखात गेली माझी एकोणीस. एवढ्या पोरांची वर्षं सुरू करून दिली." मला त्यांनी उपदेश केला नाही. नावड्याचं नावही काढलं नाही. फक्त उठून, भिंतीला धरत धरत, ती हिरवी टोपली आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ही तुमच्याकडं ठेवा. मान तुमीच ठरवलाय."

मी बोललो, मला नको, मी काय मानकरी नाही. बाई म्हणाल्या, "मग ज्याला मिळंल त्याला द्या. धाकलं दीर आधी बोललं तर त्यांना द्या."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कायदा माझाच होता. आधी बोलेल त्याचा मान. म्हणजे उद्या धाकट्यानं नुसतं "काय रं" केलं तरी टोपली त्याची. एक नारळ त्यानं घेतलाच होता. मी टोपली उचलली आणि वर आलो. संध्याकाळी लेकीनं आणलेल्या टेम्पोत बाई बसल्या. चढायला त्यांना एवढा वेळ लागला की पोरांनी समजून घेतलं, कासवाडात असंच चढतात. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर बायकोनं माझ्या हातात ताटली दिली. बाईंनी जाताना ठेवलेलं कासव होतं. चारही पाय जागेवर. मी त्याला हात लावला नाही. फडक्यात बांधून फ्रिजमध्ये ठेवलं, आणि ट्रंकेच्या तळातून इस्त्रीची टोपी त्या रात्रीच काढून ठेवली. या वेळी उशीर करायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं निघालो, कळंबोलीला उतरलो आणि तिथून रिक्षानं नावड्याला गेलो. डोक्यावर टोपी, एका हातात फडकं, दुसऱ्या हातात हिरवी टोपली. धाकटा अंगणात पाइपानं झाडांना पाणी घालत उभा होता. केस सगळे पांढरे. माझ्याकडे बघून त्याचं पाइप धरलेलं मनगट तसंच राहिलं आणि पाणी त्याच्याच पायावर पडायला लागलं. त्याचे ओठ हलले. मी बघितलं, त्याच्या तोंडात मिश्री होती. थुंकल्याशिवाय त्याला बोलता येणार नव्हतं. मिश्री नसती तर आपणच आधी बोललो असतो, असं तो आजही सगळ्यांना सांगतो. सांगू दे.

"पानी दे," मी बोललो.

तो बाजूला जाऊन थुंकला, आणि आत तोंड करून त्यानं हाक मारली, "अगो, दादूस आलाय. पानी आन." मी ओट्यावर बसलो. इस्त्रीची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टोपली डोक्यावर घातली. फडकं सोडून कासव मधोमध मोडलं, दोन पाय त्याला दिले, दोन मला ठेवले, आणि पाय शेवटी खायचे असतात हे त्याला समजावून सांगितलं. मग तांब्याभर पाणी प्यालो आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो.